इथे पेटी बंद

दिगंबरबुवा अष्टेकरांचं कीर्तन उत्तररंगात शिरलं की पुढच्या रांगेतल्या बायका पदर शोधू लागत आणि मागे खांबाला टेकलेले पुरुष उगाचच चष्मे पुसू लागत, हे मिरजेतल्या तीन पिढ्यांना ठाऊक होतं. देव एखाद्याला गळा देतो, एखाद्याला दुसऱ्याचं काळीज पाझरवायचं कसब देतो. बुवांना दोन्ही मिळालं होतं. आणि आता त्याच देवाची करणी पाहा. बुवांची बायको वैजयंती गेली त्याला चौदा महिने झाले, आणि बुवांच्या डोळ्यांतून टिपूस म्हणून आलं नव्हतं.

स्मशानात नाही, तेराव्याला नाही, वर्षश्राद्धाच्या पानावर तिच्या आवडीचं सांडगी मिरच्यांचं दहीही वाढलं, तरी नाही. त्यांनी कीर्तनं बंद केली होती. सकाळी उठायचं, वैजयंतीच्या हार्मोनियमवरचं फडकं झटकायचं, घडी मोडून पुन्हा तसंच पसरायचं, आणि दिवसभर छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं बसून राहायचं. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काळीज ठणठणीत आहे. त्यावर बुवा म्हणाले, "तीच तर तक्रार आहे."

शेवटी लेक सानिका आली आणि तिनं सरळ फर्मान काढलं. "बाबा, उद्यापासून वाचनोपचाराला जायचं. मी नाव घातलंय."

"वाचनोपचार? अगं, वर्षाला चाळीस ग्रंथ वाचणाऱ्या माणसाला वाचायला शिकवणार? माशाला पोहायचा क्लास लावतेस होय?"

"मासा असाल तर पोहून दाखवा," सानिका म्हणाली. चाळिशी उलटली होती, पण बापाला उत्तर द्यायची तिची ढब दहा वर्षांची असल्यापासून तीच होती.

*

हे वाचनोपचार प्रकरण तेव्हा नवं राहिलं नव्हतं. आपल्याला वाटतं, डोळा ओळीवरून पाण्यासारखा घरंगळत जातो. तसं नसतं. डोळा चिमणीसारखा उड्या मारतो. एका शब्दावर पाव सेकंद टेकतो, तिथून टुणकन पुढच्या शब्दावर. उडी चालू असताना आपण जवळजवळ आंधळे असतो. जे दिसतं ते टेकल्यावर. आणि मधूनच तो मागे फिरतो, सोडून आलेल्या शब्दाकडे पुन्हा जातो. कुठे टेकला, किती वेळ टेकला, कुठून मागे फिरला, कशावरून उडी मारून पळाला, हे वाचणाऱ्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. मन तोंडाला खोटं बोलायला लावेल, पण डोळ्याच्या उड्या त्याच्या हुकमातल्या नसतात.

या उड्या टिपणारी पातळ पाटी निघाली आणि जगाची रीत बदलली. पाटीवर पुस्तक वाचायचं. वाचून झालं की मजकुरावर केशरी ठिपके उमटत. क्षणभर टेकलेल्या जागी मोहरीएवढे, रेंगाळलेल्या जागी बोरांएवढे. मागे फिरलेल्या नजरेचा तांबडा धागा. याला लोक नजरवाट म्हणू लागले. वाट पाहून उपचार करणारे सांगत, तुमचं दुःख कुठल्या ओळीत अडकलंय. मग त्या बेतानं पुढचं पुस्तक. कुणी एखादी प्रवासकथा वाचता वाचता पंचवीस वर्षांपूर्वीच्या भावाशी समेट करून बसे. त्याबरोबर नवे तंटेही आले. नवराबायको भांडणात म्हणू लागले, "माझं पत्र वाचताना तुझी नजर कुठं होती, दाखव!" आणि माणूस गेला तरी त्याची नजरवाट मागे राही. अस्थी नदीला जात, वाट वारसांना मिळे.

केंद्रात शिरीन मुजावर नावाची तिशीतली उपचारिका होती. तिनं बुवांना आठवडाभर तीन पुस्तकं वाचायला दिली, आणि आठव्या दिवशी तिन्ही वाटा समोर मांडल्या.

पानंच्या पानं कोरी होती. मग एकदम एखाद्या वाक्यावर बोराएवढा ठिपका. पुन्हा पाच पानं कोरी.

"बुवा, रागावू नका," शिरीन म्हणाली. "तुम्ही वाचत नाही. तुम्ही भाजी निवडता."

"म्हणजे?"

"हे बघा. नदीत बुडालेल्या मुलाचं पान. इथं सगळ्यांची नजर अडखळते. तुमची सरळ पुढं गेली आणि थांबली कुठं? 'आईची हाक पाण्याला कळत नाही' या वाक्यावर. पाटीच्या काठाला नाडी कळते, हातांचा दाब कळतो. तुमची बोटं तिथं ताल धरत होती."

बुवांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. ते वाक्य त्यांनी घरी वहीत उतरून घेतलं होतं. कीर्तनाच्या टाचणासाठी. कीर्तन बंद होतं तरी हाताची सवय सुटली नव्हती.

"कीर्तनकार वेचणारच," ते थोड्या तोऱ्यात म्हणाले. "मधमाशीला कुणी फूल का नाही हुंगलंस विचारतं का? आणि मी वेचतो ते ज्याचं त्याच्या नावानं सांगतो हं. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचं नाव असतं, ते घेतल्याशिवाय मी आयुष्यात कधी पद संपवलं नाही. दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून खपवणारा कीर्तनकार म्हणजे देवाच्या गळ्यातला हार काढून स्वतःच्या गळ्यात घालणारा!"

"मधमाशी मध दुसऱ्यांसाठी करते," शिरीन म्हणाली. "तिला कुणी वाढत नाही."

उठता उठता बुवांचं लक्ष टेबलावर गेलं. तिथं निळ्या कार्डांचा गठ्ठा होता, कोपऱ्यात छोटं पान काढलेलं. त्यांनी खिशातून तसंच एक कार्ड काढलं. "हे तिच्या पेटीच्या खणात होतं. मला वाटलं दुकानाची जाहिरात. इथलं दिसतंय."

शिरीननं कार्ड हातात घेतलं आणि म्हणाली, "वैजयंतीकाकू दोन वर्षं यायच्या. दर गुरुवारी."

"गुरुवारी ती गुडघ्याच्या व्यायामाला जायची!"

"घरी तसं सांगायच्या. त्यांनी वाट तुमच्या नावानं ठेवलीय. पण अट घातली होती: आपणहून द्यायची नाही, मागितली तरच."

"मग मागतो," बुवा म्हणाले. त्यांचा खणखणीत आवाज अर्ध्यावर आला होता. "काय वाचायची ती?"

"एकच. तुमची वही. त्यांनी स्वतः पाटीवर उतरवून घेतली होती. थोडी थोडी करत तेवीस वेळा वाचली."

*

वही म्हणजे राणी इंदुप्रभेच्या आख्यानाची. बुवांनी ते तरुणपणी स्वतः रचलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं. दुष्काळात प्रजेसाठी कोठारं रिकामी करून राजा-राणी वनात जातात, तिथं त्यांचं तान्हं बाळ तापानं जातं. गावकरी बाळाला न्यायला येतात. तेव्हा राणी ना हंबरडा फोडते, ना देवाला बोल लावते. ती एवढंच म्हणते: "अंगावर दुलई राहू दे. बाहेर गार आहे."

इथं सभामंडप हुंदक्यांनी भरून जाई. आणि इथंच ती प्रसिद्ध शांतता होती. बुवांच्या डाव्या हाताला बसून वैजयंती सगळं आयुष्य पेटी वाजवत आली. वहीच्या समासात पेन्सिलीनं तिच्या खुणा असत: कुठली पट्टी, कुठं लय सोडायची. या वाक्यापाशी तिनं लिहिलं होतं, 'इथे पेटी बंद'. ती भाता सोडून हात मांडीवर ठेवी. भरल्या सुरांतून एकदम काही नाही. जाणकार म्हणत, काय ही योजना! आणि बुवा पाहुण्यांना वही उघडून दाखवत: "ही आमच्या मंडळींची अक्कल बरं का. शांतताही वाजवता आली पाहिजे."

आता त्या पानावर वैजयंतीचे ठिपके होते. ओळीमागून ओळ, शिस्तीत, मोहरीएवढे. नववी ओळ आली आणि ठिपके संपले. मग बाराव्या ओळीपासून पुन्हा सुरू. मधल्या दोन ओळींवर काहीच नाही.

"दुसरं वाचन दाखव," बुवा म्हणाले.

तेच. तिसरं, आठवं, सतरावं. बाविसाव्यापर्यंत नजर त्या जागेशी येई आणि विस्तव ओलांडावा तशी उडी मारी. बुवांनी तेविसावं मागितलं नाही. त्यांना पुरेसं कळलं होतं.

कारण ते वाक्य राणीचं नव्हतंच. ते वैजयंतीचं होतं.

चाळीस वर्षांपूर्वीची मार्गशीर्षातली दुपार. मुकुंद पाच महिन्यांचा होता. ताप डोक्यात गेला. दारात चार माणसं उभी होती, बाळाला उचलायला कुणी पुढं होईना. बुवा उंबऱ्याशी भिंतीकडे तोंड करून उभे. आणि मागून वैजयंतीचा आवाज आला, रोजच्यासारखा, शेजारणीला सांगावं तसा. "अंगावर दुलई राहू दे. बाहेर गार आहे."

आणि बुवांना आता दुसरंही आठवलं, जे त्यांनी स्वतःपासूनही झाकून ठेवलं होतं. त्या क्षणी, पोटचं पोर दारातून बाहेर जात असताना, त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यानं ते वाक्य उचलून बाजूला ठेवलं होतं. हे लागेल. सहा महिन्यांनी ते आख्यानात गेलं. नाव न घेता. बायको शेजारी पेटीवर बसलेली असताना.

पेटी बंद व्हायची ती कलेनं नव्हे. तिचे हात चालत नव्हते.

*

चूक कळल्यावर माणसानं गप्प बसावं. पण बुवांना कळायचं होतं, तिनं माफ केलं की नाही. गेलेल्या माणसाला विचारायचं कसं? तर त्या काळात तेही निघालं होतं. एकाच माणसाची वीसेक वाचनं हाती असली की यंत्र त्या नजरेची चाल शिके, आणि कुठलाही नवा मजकूर समोर ठेवला तर त्यावर त्या माणसाचे डोळे कसे फिरले असते ते काढून दाखवी. संभाव्य वाट म्हणत तिला.

"वारस म्हणून तुमचा हक्क आहे," शिरीन नाराजीनं म्हणाली. "पण बुवा, तो अंदाज असतो. काकू नसतात."

"पंचांगही अंदाजच असतं. आपण लग्नं लावतोच की."

त्यांनी त्या दोन ओळी नव्यानं लिहिल्या. दुलईच्या जागी फुलं घातली. यंत्रातल्या वैजयंतीच्या ठिपक्यांनी उडी मारली. फुलं काढून राणीला मुकं केलं. तरी उडी. वाक्य राजाच्या तोंडी दिलं. ठिपके अडखळले, पण पळाले नाहीत. बुवांना हुरूप आला. रोज केंद्रात जायचं, नवा मसुदा ठेवायचा, ठिपक्यांकडे परीक्षेच्या निकालासारखं पाहायचं. चेहऱ्यावर रंग आला. देवळातून निरोप आला, रामनवमीच्या उत्सवात आदल्या दिवशी दुपारी इंदुप्रभा करणार का. बुवांनी होकार कळवला. आणि सतराव्या मसुद्यावर केशरी ठिपके नवव्या ओळीवरून दहाव्या-अकराव्यावर, तिथून बाराव्यावर विनासायास निघून गेले.

त्या रविवारी सानिका जेवायला आली होती. बुवांनी आमटीचा भुरका मारून, तेविसातली बावीस वाचनं, सतरा मसुदे, सगळं सांगितलं. "आणि परवा वाट मोकळी झाली. सरळ वाचत गेली. सानू, तिनं मला माफ केलं गं."

सानिकाचा घास हातातच राहिला. "वाचू ते."

तिनं सतरावा मसुदा वाचला. चांगला होता. वारा होता, संध्याकाळ होती, राणीच्या मनाचं आभाळ होतं.

"बाबा, पाणी अडेल कसं? तुम्ही तिथं अडण्यासारखं काही ठेवलंच नाही. दगड काढून टाकलात आणि म्हणता नदीनं माफ केलं."

"यंत्र दाखवतंय..."

"यंत्र कसलं! चाळीस वर्षं तिला शेजारी बसवून लोकांकडून दाद घेतलीत. आता लोक नाहीत, तर तिच्याच डोळ्यांचं सोंग करून तिच्याकडून घेताय. आईला जिवंत असताना विचारलंत एकदा तरी?"

बुवांनी ताट बाजूला सारलं. "तुला ठाऊक होतं?"

"चार वर्षांची होते. पेटीच्या मागे लपून बसले होते. मी ऐकलंय ते वाक्य." तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "तुमच्या कीर्तनातून मी नेहमी मधे उठून जायचे ना? तुम्ही म्हणायचात, पोरगी चंचल आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"आईनं शपथ घातली होती. मी एकदा भांडले तिच्याशी, तुम्हाला सांगते म्हणून. तर म्हणाली, 'नको. ते मुकुंदासाठी एकदाही रडले नाहीत. उभे राहून, दुसऱ्यांच्या डोळ्यांनी रडतात. त्यांना तेवढीच वाट आहे. ती बुजवू नकोस.'"

आमटीवर साय धरली. बुवा उठले नाहीत. पाटा अजून छातीवर होता, पण तो कुणी ठेवला होता ते आता दिसत होतं.

*

दुसऱ्या दिवशी ते केंद्रात गेले. "ती संभाव्य वाट पुसून टाक, मुली. तिचं खरं तेवढं राहू दे."

शिरीननं काही न विचारता पुसली.

"आणि ती वही दे. मला वाचायचीय."

"तुमचीच तर आहे. पाठ असेल."

"पाठ आहे. वाचलेली नाही."

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि वाचायला बसले. स्वतःचीच वाक्यं, पण आज ती कशी म्हणायची याकडे मन गेलं नाही. वनातली झोपडी आली. दारातली चार माणसं आली. दहाव्या ओळीत दुलई आली, आणि बुवांना तिचा रंग दिसला. जांभळी होती, कडेला सानिकाच्या जुन्या फ्रॉकचा तुकडा जोडलेला. इतक्या वर्षांत राणीच्या बाळाला त्यांनी रेशमी दुलई दिली होती. ही आठवलीच नव्हती. पुढं जाता येईना. मागे फिरले. पुन्हा तिथंच.

वाचून झाल्यावर शिरीननं त्यांची वाट दाखवली. दहाव्या ओळीवर बोराएवढा ठिपका, आणि त्याभोवती तांबड्या धाग्याचा गुंता.

"आज भाजी निवडली नाहीत," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली: "बुवा, तुम्ही काकूंचं तेविसावं वाचन पाहिलं नाहीत. जायच्या आधी तीन आठवडे आल्या होत्या."

तिनं ते उघडलं. नववी ओळ. आणि दहावीवर, जिथं बावीस वेळा काही नव्हतं, तिथं एक मोठा केशरी ठिपका. बुवांच्या ठिपक्याशेजारी, जवळपास त्याच जागी.

"एकोणीस सेकंद," शिरीन म्हणाली. "इतका वेळ डोळा एका जागी ठरत नाही. पाहणं संपून माणूस आठवू लागला तरच."

"पण म्हणजे काय? माफी? राग?"

"थांबल्या एवढं पाटी सांगते. का थांबल्या ते तिला कळत नाही. मलाही नाही."

बुवा ठिपक्यापासून पाटीच्या कडेपर्यंत सगळं न्याहाळत गेले. कीर्तनकाराची नजर, कडेचंही टिपणारी. पाटीच्या खालच्या काठाला फिकट करड्या रेघा होत्या, कमीजास्त उंचीच्या. "हे काय?"

"ते काही नाही. काठावरच्या बोटांचा दाब. आजारपणात हात थरथरतो, आम्ही गाळून टाकतो ते."

"बाविसाव्यात आहे?"

शिरीननं पाहिलं. "नाही. फक्त यात. आणि... फक्त त्या एकोणीस सेकंदांत."

बुवांनी बोट ठेवून रेघा मोजल्या. एक लांब, दोन आखूड. एक लांब, दोन आखूड. मांडीवर त्यांचा हात आपोआप ठेका धरू लागला. "थरथर तालात असते होय गं?" ते म्हणाले. "हे कागदावर काढून दे. बोटं सगळी वेगवेगळी दिसू देत."

*

संध्याकाळी त्यांनी कागद सानिकापुढे ठेवला. तिचं पेटीवरचं शिक्षण आईकडेच झालं होतं. इतक्या महिन्यांनी पेटीवरचं फडकं झटकण्यासाठी नव्हे, तर काढण्यासाठी निघालं.

"ही तर्जनी, हे मधलं बोट," सानिका पुटपुटत होती. "करंगळी कुठंच नाही. बरोबर, आई करंगळी वापरायचीच नाही, मला ओरडायची त्यावरून." तिनं रेघांप्रमाणे बोटं टेकवली. नुसतीच, भात्याशिवाय. मग पांढरी चार ही आईची पट्टी धरली, पट्ट्या चाचपल्या, चुकली, पुन्हा केलं. मग भाता ओढला.

दोन ओळींत दोघांनीही ओळखलं.

पाळणा होता. रामजन्माला देवळात म्हणतात तो. वैजयंती तो घरी मुकुंदला झोपवताना म्हणायची. मुकुंद गेल्यापासून तिनं तो कधी वाजवला नाही. जन्माच्या कीर्तनाला पाळण्याची वेळ आली की पेटी दुसऱ्या कुणाकडे देऊन ती सुंठवड्याच्या तयारीला मागे निघून जाई. बुवांना वाटे, किती कामाची बाई!

त्या वाक्यापाशी तिनं कायम पेटी बंद ठेवली होती. शेवटच्या खेपेला, मांडीवर पाटी घेऊन, सूर नसलेल्या काठावर तिनं ती उघडली होती.

सानिकानं भाता सोडला. "बाबा, उत्सवात आख्यान करा. सतरावं नको, जुनंच. मी पेटीवर बसते. पण एक अट."

"बोल."

"आईचं नाव घ्या. वाक्य नको."

"वाक्याशिवाय लोकांना कळणार काय?"

"लोकांना कशाला कळायला हवं?"

बुवांनी होकारार्थी मान हलवली. पन्नास वर्षांच्या धंद्यात त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

*

अष्टमीची दुपार. सभामंडप भरलेला. उद्याच्या जन्मासाठी पाळणा आजच टांगून फुलांनी सजवला होता. त्याची रेशमी दोरी पुढच्या रांगेपर्यंत आली होती. बुवांनी पूर्वरंग आटोपशीर केला. मध्यंतरात हार पडला, बुक्का लागला. मग इंदुप्रभा वनात निघाली. दुष्काळ आला, झोपडी आली, ताप आला. पुढच्या बायकांचे हात सवयीनं पदराकडे गेले. त्यांना ठाऊक होतं, आता पेटी बंद होणार आणि राणी बोलणार.

पेटी बंद झाली.

"मंडळी," बुवा म्हणाले, "अभंग म्हणावा तर शेवटी कवीचं नाव घ्यावं, ही आपली रीत. ती मी या जागी चाळीस वर्षं मोडली. इथं जे वाक्य मी तुम्हाला ऐकवत आलो ते राणीचं नव्हे, माझंही नव्हे. ते वैजयंती दिगंबर अष्टेकर यांचं. मुकुंदच्या आईचं. ज्यांचं आहे त्यांना आज परत केलं. मी म्हणणार नाही."

मंडपात चुळबुळ झाली. कुणीतरी मागून कुजबुजलं, "बुवा विसरले की काय?" बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. कीर्तन उभ्यानं करायचं असतं. कीर्तनकार आरतीपर्यंत बसत नाही. दिगंबरबुवा खाली बसले, सतरंजीवर, श्रोत्यांच्या पुढच्या रांगेत.

आणि चाळीस वर्षं जिथं काही वाजलं नव्हतं तिथं सानिकानं पाळणा धरला. शब्द नाहीत, नुसते सूर. एक लांब, दोन आखूड.

पाळण्याचा सूर कानी पडला की हात दोरीकडे जातो. तिथल्या बायकांना ते शिकवावं लागत नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं, आज जन्म नाही, पाळणा रिकामा आहे, हे ध्यानात यायच्या आतच दोरी ओढली. पाळणा हलला. तिनं दोरी शेजारणीला दिली, शेजारणीनं पुढे. रामजन्माला देतात तशीच, हातोहात. कुणाला काही कळलं होतं की नाही कोण जाणे, पण दोरी थांबली नाही.

ती बुवांपाशी आली. त्यांना पाळणा धड दिसत नव्हता. सगळं पाण्यातून पाहावं तसं झालं होतं. उपरण्याच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले, ते पुन्हा भरले.

मग त्यांनी दोरी ओढली, अगदी हळू, आत कुणी निजलेलं असावं अशा बेतानं.